गौरीची गाडी

चाकणच्या पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून आजवर जे बनवलं नाही, ते माझ्या आतोबांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकट्यानं बनवलं आहे, असा माझा ठाम दावा आहे आणि तो मी कुठल्याही चौकात उभी राहून करायला तयार आहे. कारखाने गाड्या बनवतात, गाड्यांचे आरसे बनवतात, आरशांचे स्क्रू बनवतात. पण घरातली सगळी माणसं हातातली कामं टाकून अंगणात धावत येतील आणि पोट धरून हसतील, अशी एकही वस्तू त्यांच्या गेटमधून बाहेर पडलेली मला माहीत नाही. आतोबांच्या शेडमधून ती वरचेवर बाहेर पडते. कधी चालते, बहुतेक वेळा चालत नाही. चालली नाही तर आम्ही जास्त हसतो.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनपुढं त्यांचं आयुष्य गेलं. तिथं दिवसभर एकच तुकडा हजार वेळा काढायचा, आणि तो कशाला लागतो हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. माणसाच्या हातांवर याहून मोठा अन्याय नाही, असं मी कामगार संघटनेच्या पत्रकांत लिहीत आले. आतोबांनी पत्रक काढलं नाही. ते शिफ्ट संपवून घरी आले, शेडमध्ये शिरले आणि एकासारखी दुसरी निघणार नाही अशा वस्तू करत बसले. निवृत्त झाल्यापासून तर शेडमध्येच असतात. मी संत तुकाराम नगरातून बस बदलत बदलत गावी पोचले की शेडमधून पहिली हाक येते, "काय पुढारी, आज कुणाच्या इरुद्ध?"

त्यांचा कायदा एकच : विकत काही आणायचं नाही. "इकत आणलं मंजी दुकानदारानं केलं. आपुन काय केलं?" कंपन्यांच्या खोक्यांची लाकडं, फोम, खोकी बांधायच्या पिवळ्या पट्ट्या, घरघरणारी बेअरिंगं, फुटकी बादली, ज्वारीची ताटं, आत्याची जुनी लुगडी, सगळ्याला त्यांच्याकडं मानाची जागा आहे. एकदा ते आत्याला दुचाकीवर मागं बसवून लग्नाला निघाले होते. रस्त्यात ट्रकमधून पडलेली एक फळी दिसली. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचे कपडे, कशाचाही विचार न करता त्यांनी ती उचलली आणि आत्याच्या मांडीवर आडवी ठेवली. नवरानवरीला आशीर्वाद द्यायच्या रांगेत ती फळी त्यांच्या बगलेत होती. लग्नाच्या फोटोत आहे. नवरी फळीकडं बघते आहे.

पाखरं हाकायला त्यांनी वाऱ्यावर फिरणारा पंखा केला. पंखा फिरला की भाजी वाढायचा एक डाव फिरायचा आणि स्टीलच्या ताटावर आदळायचा. पहिल्या दिवशी शेजाऱ्याचे बैल दावी तोडून पळाले. दुसऱ्या दिवशी पाखरं येऊन त्या पंख्यावरच बसली. दुसरा कुणी असता तर त्यानं पंखा मोडून टाकला असता. आतोबा बांधावर हात मागं बांधून कौतुकानं बघत राहिले. "आवडलंय त्यास्नी," एवढंच म्हणाले, आणि पाखरांना पाय ठेवायला नीट जागा असावी म्हणून पात्यांवर काथ्या गुंडाळून आले.

पण त्यांचं खरं राज्य भाद्रपदात. गणपतीपुढं दरवर्षी हलता देखावा असतो आणि तो बघायला सगळं गणगोत गावी जमतं. एका वर्षी गोवर्धन उचलणारा कृष्ण होता. एका जुन्या वायपरच्या मोटरवर पर्वत खालीवर व्हायचा होता. बटण दाबलं, तर पर्वत जागच्या जागी आणि कृष्णच त्याच्या खाली उठाबशा काढतोय. लेकरं हसून लोळली. आतोबा गंभीरपणे म्हणाले, "दमला असंल. रोज रोज उचलायचा मंजी काय खायचं काम हाय व्हय?" मी देव मानत नाही, मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंतींविरुद्ध मी सह्या गोळा केल्या आहेत. पण त्या संध्याकाळी पुरणपोळी खात ओसरीवर बसलेली तीन पिढ्यांची माणसं बघून मीही ताट घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. हे सगळं एका माणसानं फेकून दिलेल्या वस्तूंतून उभं केलं होतं. मी थक्क झाले होते, आणि आजही आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आत्या धुण्याच्या दगडापाशी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. आणि गणपती तोंडावर आल्यावर आत्यानं जाहीर केलं, "औंदापासनं गौर पिंपळे सौदागरला."

पिंपळे सौदागरला तिचा मुलगा राहतो, सोसायटीत, वरच्या मजल्यावर. मुलगा चांगला आहे, वहिनी तर फारच चांगली. तक्रार कुणाचीच नव्हती. पण आमच्याकडं गौर आणायची ती घरच्या बाईनं. तुळशीपासून तिला उचलायची, कुंकवाच्या पावलांवर पाय ठेवत उंबरा ओलांडायची, मग चूल, धान्याच्या कणग्या, गोठा, घरातलं सगळं तिला फिरून दाखवायचं. आत्या लग्न होऊन आल्यापासून हे दरवर्षी करत होती. "सोन्याच्या पावलांनी आणायची असती," ती म्हणाली, "वॉकरच्या न्हाई." दुसऱ्या कुणी आणावी, हे ती ऐकून घेईना. आणि गौर गेली की सगळं गेलं, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही. देव गेला की गणगोत तिकडं जाणार. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाळीपाळीनं जेवून, पार्किंग मिळत नाही म्हणून संध्याकाळीच परतणार. गावच्या घराला ऐन सणात कुलूप लागणार.

आतोबा उठले. शेडमध्ये गेले.

आठवडाभर शेडमधून करवतीचा आवाज येत राहिला. मुलानं फोनवर समजावलं, "आबा, व्हीलचेअर भाड्यानं मिळते. उद्या सकाळी दारात येईल."

"ती आजाऱ्याची गाडी झाली," आतोबा म्हणाले. "मी सवाशिणीची गाडी करतोय."

गाडी बघायला मी आधीच जाऊन पोचले. खोक्यांच्या लाकडाची खुर्ची, सायकलची दोन चाकं, पुढं दोन बेअरिंगं, पाठीला फोम, त्यावर आत्याच्या हिरव्या लुगड्याची खोळ, खुर्चीच्या हातांवर पिवळ्या पट्ट्या विणलेल्या. चाकांचा दांडा चाकणच्या शकीलभाईंनी वेल्डिंग करून दिला होता. ते स्वतः गाडी पोचवायला आले होते आणि तिच्याभोवती फिरून म्हणाले, "आतोबा, याला पासिंग लागेल राव. आरटीओ अडवेल."

"आरटीओ माझ्या माजघरात येतोय व्हय?" आतोबा म्हणाले आणि चाचणीला स्वतः गाडीत बसले. मांडीवर गौरीऐवजी एक मोठा लाल भोपळा घेतला. शकीलभाईंनी हलका धक्का दिला. अंगणाला उतार आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, गाडीला नव्हतं. आतोबा भोपळ्याला कवटाळून, "धर, धर, शकील!" असं ओरडत थेट गव्हाणीत गेले. गाय उठून उभी राहिली. भोपळा फुटला. आत्या पलंगावरून खिडकीतनं बघत होती. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा एवढी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या संध्याकाळी सगळ्यांनी भोपळ्याचे घारगे खाल्ले, शकीलभाईंनी घरी बांधूनही नेले. दुसऱ्या दिवशी गाडीला ब्रेक आला : दोरीला बांधलेला जुन्या टायरचा तुकडा.

आत्या मात्र हो म्हणाली नव्हती. गाडी तिच्यासाठी आहे हे कळत असूनही तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. वहिनी ठरल्याप्रमाणं मऊ कापड घातलेली पेटी घेऊन आली होती. आतोबांच्या हट्टापायी यंदाचं शेवटचं आवाहन इथं करू, विसर्जन झालं की मुखवटे त्या पेटीतून सौदागरला जातील, असं बोलणं झालं होतं.

गौरी यायच्या दिवशी आत्या नाकात नथ घालून, हिरवी पैठणी नेसून, "एवढ्या वेळेपुरतं" म्हणत गाडीत बसली. दोन्ही मुखवटे मांडीवरच्या सुपात. वहिनीनं तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत आणि पुढं घरभर कुंकवाची पावलं काढली होती. लेकरांनी ताटं-चमचे वाजवायला सुरुवात केली. गाडी तुळशीपासून निघाली, डौलात. उंबऱ्यावर आतोबांनी दोन्ही बाजूंनी फळ्या टाकल्या होत्या. गाडी तिथं आली आणि आत्या ओरडली,

"थांबा!"

ताटं थांबली.

"माझं पाय हवेत हायेत."

सगळ्यांनी खाली बघितलं. खरंच होतं. कुंकवाची पावलं जमिनीवर आणि आत्याचे पाय त्यांच्या वर, गाडीच्या पाटावर. पाठ, हात, चाकं, ब्रेक, सगळ्याचा विचार आतोबांनी केला होता. पावलांचा राहिला होता.

"चालतंय गं आई," मुलगा म्हणाला.

"तुज्याकडं चालत आसंल. पावलावर पाय न्हाई पडला तर आली कशी म्हनायची तिला? चला, माघारी घ्या. मी म्हनलंच हुतं."

माझ्या जिभेवर भाषण आलं होतं. पावलं कुणाची, नियम कुणाचे, बायकांच्याच पायांवर सगळा धर्म का, असं बरंच. पण आत्याचा चेहरा बघितला आणि मी गिळून टाकलं. ती रागावलेली नव्हती. ती निरोप घेत होती, या उंबऱ्याचा.

आतोबांनी गाडीला ब्रेक लावला. वहिनीच्या हातातली कालवलेल्या कुंकवाची वाटी घेतली आणि गाडीपुढं उकिडवे बसले. मूठ वळून कडेनं कुंकवात बुडवली, पाटावर टेकवली, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. एक पाऊल. शेजारी दुसरं. पावलं काढणं हे बायकांचं काम, बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मग आतोबांनी, सगळ्या भावकीसमोर, आत्याचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला.

आत्यानं पाय मागं ओढला. "अवो, काय करताय! माज्या पाया काय पडताय चारचौघांत!"

"पडत न्हाई," आतोबा मान वर न करता म्हणाले. "फिटिंग करतोय."

हशा उसळला. त्यात आत्याचाही होता. पण तिनं पाय पुन्हा मागं घेतला नाही. आतोबांनी तो त्या ओल्या पावलावर अलगद टेकवला, मग उजवा, ऑपरेशनचा, त्याहून हळू. जन्मभर लोखंड दाबलेले ते हात असे चालू शकतात हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. समतेवर मी पानंच्या पानं भरली आहेत, तिचा असा आकार मी तोवर पाहिला नव्हता.

"आता कुठंबी जा," आतोबा उठत म्हणाले. "पाय पावलावरच हायेत."

आत्या क्षणभर पायांकडं बघत राहिली. मग सूप सावरून, घसा खाकरून, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "गौर आली!"

"कशाच्या पावलांनी?" सगळं घर ओरडलं.

"सोन्याच्या पावलांनी!"

ताटं पुन्हा वाजली. गाडी उंबरा चढली, चूल बघितली, कणग्या बघितल्या, गोठ्यात जाऊन त्याच गायीला भेटून आली.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. गाड्या एकेक करून निघू लागल्या. वहिनीनं पेटी उघडली आणि मुखवट्यांसाठी कापड पसरलं. आत्या गाडीतच बसलेली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाई. हितंच ठेव ट्रंकंत. तिला आता गाडीची सवं लागली."

वहिनीनं कापडाची घडी करून पेटी मिटली. मला वाटलं तिलाही हायसं वाटलं असावं.

शेवटी मी निघाले. घरात आता दोघंच उरली होती. अंगणात चपला घालत होते, तेव्हा आत्या आतोबांना म्हणाली, "गौरीला सगळं घर दावलं. तुमची शेड तेवढी ऱ्हायली."

"तिथं काय हाय? भंगार हाय. तूच म्हनतीस."

"म्हनती. पन मी कवा आत आलीय?"

आतोबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग "थांब, आधी झाडून घेतो," असं म्हणत लगबगीनं पुढं गेले. आत खुडबुड सुरू झाली, काहीतरी धाडकन पडलं. आत्या अंगणात एकटीच, उन्हात, गाडीत हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती नवऱ्याकडं पाहुणी म्हणून निघाली होती. बसची वेळ झाली होती. मी फाटकाबाहेर पडले आणि त्यांना दिसणार नाही अशी थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिले. मग शेडचं दार करकरलं आणि आतोबांचा आवाज आला, "ये."