कुरकुर नव्हे, गाऱ्हाणं

परमेश्वराच्या कानाशी आमच्या आबांइतकी कटकट साऱ्या मावळात कुणी केली नसेल, आणि त्यांच्याइतकं त्याला मनावरही कुणी घेतलं नसेल. आबा मूळचे टाकव्याचे. रेल्वेत सांधेवाले होते. गाड्यांचे सांधे बदलण्यात उभी हयात घालवून लोणावळ्यातच राहिले. मी तिथल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक. साठ-पासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. नुकतीच माझी बायको गेली होती आणि तिच्यामागोमाग माझी प्रार्थनाही गेली होती. दर रविवारी समोर उभा राहून मी ‘प्रभू, तुझे आभार’ म्हणायचो खरा, पण आत सगळं कोरडं ठाक. हे कुणाला सांगितलं नव्हतं. पावसाळा संपला की पाळकपण सोडायचं आणि थोरल्या भावाकडे निघून जायचं, एवढंच मनाशी घोकत होतो.

आबांची गंमत अशी, की एरवी हा माणूस कुणाजवळ अवाक्षर काढायचा नाही. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, आणि ‘कसं काय आबा?’ म्हणून विचारलं तर उत्तर ‘झ्याक!’ आठवड्याभराचं सगळं रविवारसाठी राखून ठेवलेलं असायचं. ‘कुणाला प्रार्थना करायची असल्यास...’ हे माझे शब्द पुरे व्हायच्या आत आबा टोपी काढून उभे. लगेच बायका मांडीवरच्या पिशव्या खाली ठेवत, पेटीवाले गुरुजी चष्मा पुसायला घेत. आता अर्ध्या तासाची निश्चिंती! देवाला आम्ही सगळे ‘तू’ म्हणतो, आबा ‘तुमी’ म्हणत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “सायबाला कुनी अरे-तुरे करतं का?” मग सुरू. “मागल्या रविवारी गुडघ्याचं सांगितलं हुतं, त्येचं अजून काय झालं न्हाई. शेजारणीच्या शेळीनं घेवडा खाल्ला, त्ये तुमी बगितलंच आसंल. छत गळतंय, आन नेमकं माज्याच डोक्यावर. औंढ्याची म्हातारी खोकून खोकून अर्दी झाली, तिच्याकडं कवा बगनार?” एका रविवारी तर माझ्यासमोरच म्हणाले, “पाळकसायबांचं प्रवचन लय लांबतंय. आन बोलताना त्ये कुनाकडंच बगत न्हाईत. त्येंची बी दखल घ्या.” मंडळीत खसखस पिकली. मी मान खाली घालून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला भयंकर राग आला होता.

शेवटी मंडळीचे पंच माझ्याकडे आले. म्हणाले, यांना आवरा, जेवणं थंड होतात. समोरासमोर बोलायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून मी प्रवचनच केलं. इस्राएल लोकांनी अरण्यात कशी कुरकुर केली आणि त्यापायी त्यांना किती वर्षं भटकावं लागलं, यावर चांगला पाऊण तास बोललो. उपासना संपल्यावर आबा दारातच माझा हात धरून म्हणाले, “लय ब्येस झालं! ह्या लोकांना कुनीतरी सांगायलाच पायजे हुतं.”

मी कपाळाला हात लावला. “आबा, ते तुमच्यासाठी होतं हो.”

“माज्यासाटी?” आबा खरोखरच चकित झाले. “मी कुटं कुरकुर करतो? कुरकुर म्हंजी फलाटावर हुबं ऱ्हाऊन गाडीच्या नावानं बोटं मोडायची. गाऱ्हानं म्हंजी मास्तरांच्या हापिसात जायचं, टोपी काडायची, आन तोंडावर सांगायचं. तुमची ती अरन्यातली मानसं तंबूत बसून पुटपुटत हुती. सरळ त्येंच्याकडं गेली असती, तर येवडी पायपीट झाली नसती.”

पाळकपणाच्या शिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी घरी आलो आणि न जेवता पडून राहिलो.

पुढच्याच आठवड्यात आंदर मावळातल्या एका घरी प्रार्थनेला जायचं होतं. आगगाडीतून उतरलो, पण पुढची एसटी आली नाही. आबा बरोबर होते. चालत निघालो. मी आधीच थकलेला; एका चढावर दगडावर बसलो. आबा शेजारी टेकले आणि म्हणाले, “पाळकीणबाईंचं गाऱ्हानं घातलंत का?”

“प्रभूची इच्छा, आबा. आपण आभार मानावेत.”

“खोटं बोलताय,” आबा अगदी हळू म्हणाले. “मी तुमच्या वतीनं घातलं हुतं, मनातल्या मनात. मोट्यानं घातलं तर तुमाला लागंल म्हनून. पन त्ये काय खरं न्हाई. दुसऱ्याच्या अर्जावर आपली सही चालत न्हाई. ज्याचं त्यालाच जावं लागतं.” आणि उठून काठी टेकत चालू लागले. “मी म्होरं हुतो. या सावकाश.”

मी चिडलो. आधी आबांवर चिडलो, मग... मग तोंडातून निघालंच. “तिला का नेलंस? तापात ती पाणी मागत होती आणि मी घरी नव्हतो. कुठं होतो मी? तुझ्याच कामाला गेलो होतो ना? एक तास, एक तास थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?” भातखाचराच्या बांधावर चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या. मी लहान मुलासारखा हमसून हमसून रडलो. ‘आमेन’ म्हणायचं राहूनच गेलं.

पुढच्या वळणावर आबा उभे होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “काय म्हनले?”

“काहीच नाही.”

“पन अर्ज माघारी धाडला न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग झालं. ठिवून घेतला त्येंनी.”

दोन पावसाळ्यांनंतर आबा गेले. उपासना वेळेवर संपू लागली, जेवणं गरम मिळू लागली, पंचांना हायसं वाटलं. मी भावाकडे गेलो नाही, लोणावळ्यातच राहिलो. त्या चढावर जे विचारलं त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी अजून विचारतो. आता तिच्याबरोबर आबांचंही विचारतो.