किल्ला पडला त्याची गोष्ट

दर रविवारी दुपारी मी समोरच्या खोलीतल्या शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर किल्ल्याला वेढा घालतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत हे कोणाला माहीत नाही. किल्ला त्यांनी गणपतीच्या जुन्या मखराच्या पुठ्ठ्यातून कापलाय. लढणारी दोन्ही राज्यं त्यांच्या डोक्यातली आहेत, शतक मात्र अठरावं. शिपाई बोटभर उंचीचे. पिस्ता डगलेवाले त्यांचे, जांभळे माझे. मेलेल्या शिपायाला ते श्रीखंडाच्या डब्यात कापसावर झोपवतात, तोवर पुढची चाल नाही. मी चुळबुळ केली की म्हणतात, "अठराव्या शतकात घाई नव्हती."

तट फोडायला फाशावर सहा पडावे लागतात. सहा रविवार मला ते पडले नाहीत. सातव्या रविवारी ते चहा आणायला आत गेले, तेव्हा मी फासा टाकला. दोन पडले. मी बोटाने वळवून त्याचे सहा केले.

ते कप घेऊन आले. त्यांनी फाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपले उरलेले शिपाई एकेक करून डब्यात झोपवले आणि लढायांच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'किल्ला पडला. कारण, फितुरी.'

"कोणाची हो?" मी विचारलं.

"चौकशी चालू आहे. चहा घ्या, निवतोय."

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा बोलावलं. हल्ली चहाला उठताना ते फासा माझ्या तळहातावर ठेवून जातात. मी मूठ मिटून बसून राहतो. चहाला त्यांना पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो.