कानाला पोचलेला हात

उचगावच्या पल्याड एका वाडीच्या शाळेत नागोजी मास्तरांनी एकतीस वर्षं पोरं दाखल करून घेतली. एवढ्या वर्षांत वय मोजायला त्यांच्याजवळ माप एकच. पोरानं उजवा हात डोक्यावरनं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं. नाही लागली तर पुढल्या सालाला या. जन्माचा दाखला वाडीत कुणाजवळ असणार? आई सांगायची, "मोठा पूर आलता तवाचा." बाप म्हणायचा, "न्हाय गं, त्याच्या आदल्या शिमग्याचा." दोघांची जुंपायच्या आत मास्तर हात बघून मोकळे व्हायचे आणि रजिस्टरात एक जून टाकायचे.

माप तसं वाईट नव्हतं. ते बिघडलं १९२७ साली. शाळेचा पट छत्तिसावर आला होता, आणि चाळिसाच्या आत राहिला तर शाळा उठणार, असं तपासनीस बजावून गेले होते. शाळा उठली तर वाडीची पोरं पुन्हा म्हशींमागं. मास्तर दारोदार हिंडले. परशरामाच्या अंगणात त्याची मनू बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. चार वर्षांची. हात डोक्यावर नेला तर बोटं टाळू ओलांडून तिथंच थांबली.

"मान वाकीव गं जरा. आणि जरा. हां!" मास्तर म्हणाले. "बघ परशरामा, लागला कान. सहाची हाय."

परशराम खदखदून हसला. "मास्तर, असं वाकवून माझी म्हस बी साळंत बसंल की!"

हसण्यावारी गेलं ते. रजिस्टरात लागलं, जन्म १ जून १९२१. त्या साली मास्तरांनी अशा सहा माना वाकवल्या. एकदा सवय लागल्यावर दर साली दोन-चार.

मनू मात्र शाळेत अशी रमली की मोठ्या पोरांना पाढे तीच म्हणून दाखवायची. "मी मास्तरीण हुणार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. न विचारता.

पाच वर्षांनी बेळगावहून श्रीपादराव आले. मास्तर लोकांना शिकवणाऱ्या एका कॉलेजात ते होते, आणि खेड्यातल्या पोरांची बुद्धी मापायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. दहा गावांतली दोनशे पोरं. सोबत चित्रांची पेटी आणि खिशात टिकटिकतं घड्याळ. माणूस सज्जन, बोलणं मऊ.

"हे बघा मास्तर," त्यांनी समजावलं, "मूल किती वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं देतं, ते त्याचं बुद्धीचं वय. त्याला खऱ्या वयानं भागायचं नि शंभरानं गुणायचं. ज्या मुलींचा आकडा एकशे दहाच्या वर येईल, त्यांची बेळगावात राहण्या-शिकण्याची सोय होणार आहे. पुढं त्या शिक्षिका होतील."

मास्तरांच्या डोळ्यांपुढं मनूच आली.

ती पाटावर मांडी घालून बसली. श्रीपादरावांनी आकडे म्हटले, तिनं ते उलटे म्हणून दाखवले.

"रानात वाट चुकलीस तर काय करशील?"

"मी न्हाय चुकत. चुकल्याली म्हस बी मीच घरला आणते."

"बरं, म्हैस चुकली तर?"

"सांज हुस्तवर थांबायचं. पाण्याकडं येती ती."

श्रीपादराव हसून लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, "दहा वर्षांच्या मुलीची सगळी उत्तरं दिली हिनं. फारच छान! आता वय."

नऊ, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. दहाला नवानं भागलं की एकशे अकरा. पण रजिस्टर उघडं होतं, आणि त्यात त्यांच्याच अक्षरात १९२१ होतं, म्हणजे अकरा. दहाला अकरानं भागलं की एक्याण्णव.

"जन्मतारखांची खात्री आहे ना, मास्तर? सगळी गणना त्यावर उभी आहे."

दारात परशराम उभा होता. तो चाचरत बोलला, "सायेब, आमच्या हिरीला पाणी लागलं त्या सालची ही. नऊ झाली असतील."

श्रीपादरावांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांना दिसलं ते एवढंच की एक तारीख खोटी निघाली तर मागच्या सगळ्या उकरल्या जाणार. पट खोटा, आणि पटावर उभी असलेली नोकरीही. ते मोठ्यानं हसले.

"परशरामा, तुला काल काय खाल्लं ते आठवत न्हाय, आणि पोरीचं साल सांगाय आलास व्हय रं?"

पोरं फिदीफिदी हसली. परशरामही हसला, ओशाळून. "व्हय की. मास्तर म्हंत्यात तेच खरं."

एक्याण्णव लागले. मनूचं बेळगाव राहिलं.

मास्तर दोन वर्षं गप्प राहिले. मग एक दिवस चालत बेळगावला गेले आणि श्रीपादरावांपुढं सगळं ओकले.  श्रीपादराव म्हणाले, "अहवाल छापून गेला, मास्तर. एका मुलीनं सरासरी हलत नाही."

"एक न्हाय सायेब. किती माना वाकवल्या, माझं मलाच ठावं न्हाय."

त्या अहवालात खेड्यातल्या पोरांची बुद्धी शहरापेक्षा कमी भरली होती. श्रीपादरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बेळगावातल्या मुलींच्या जागा मात्र केव्हाच भरल्या होत्या.

मनूचं पंधराव्या वर्षी लग्न झालं, निपाणीकडं. १९४७च्या जूनमध्ये, मास्तरांच्या नोकरीचा महिना राहिला असताना, ती पोरीला घेऊन शाळेत आली. तंबाखू निवडून बोटं काळी पडलेली.

"हिला माझ्या बाजवळ, आप्पांजवळ ठेवतो, मास्तर. आमी दोघं वखारीत असतो दिसभर." आणि पोरीकडं वळून, "हात न्हे डोक्यावरनं. मान वाकीव गं. आणि जरा. बघा मास्तर, लागला कान!"

मास्तरांनी हातातला टाक खाली ठेवला. "सोड तिला. सरळ हुभी ऱ्हा, पोरी."

हात कानापासून दोन बोटं अलीकडं थांबला.

"पुढल्या सालाला आण हिला."

"मला तर घेतलासा की!"

"ते चुकलं, मनू. तू नऊची हुतीस, माझ्या रजिस्टरात अकराची. तुझा बा खरं सांगत हुता. त्यापायी तुझं बेळगाव गेलं."

मनू पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. 

"वखारीत बायका वजनाचा हिशोब मलाच इचारत्यात. तरी मी म्हंत आलो, आपलं डोस्कंच कमी. सायबांनी मापून बघितल्यालं."

मास्तरांनी रजिस्टर मिटलं.

"मला सांगून काय हुतंय आता? आप्पांना सांगा," ती म्हणाली. "हिरीचं साल कुणी काढलं की ते अजून म्हंत्यात, माझ्या ध्यानात न्हाय, मास्तरांना इचारा."

मास्तरांनी रजिस्टर काखेत घेतलं आणि तिच्या मागनं निघाले. अंगणात परशराम दोरी वळत होता. त्यांना बघून तो उठला, घोंगडं अंथरलं.

"या मास्तर, बसा."

मास्तर बसले नाहीत.