न शिजलेला नैवेद्य

लडाखच्या उंच सरोवराकाठी त्या सकाळी माझा भात शिजला नाही, आणि बाळकृष्णाने माझ्याकडे पाठ फिरवली असं माझ्या मनाने घेतलं. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. स्टोव्ह नीट पेटला होता, गंजात, म्हणजे आमच्या भाताच्या पातेल्यात, पाणी खळखळ उकळत होतं, आणि शीत दाबून पाहावं तर वरून गिळगिळीत, आत कच्चं. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा झाकण ठेवलं, पुन्हा तेच. जन्म धानाच्या गावात गेला, आणि मला भात जमेना! डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या हातचा नैवेद्य असा कधी अडला नव्हता. हा नक्की काहीतरी कोप आहे, आपलं काहीतरी चुकलं आहे, असं मनात येत राहिलं.

आमची शेती नवेगाव बांधजवळ. यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांची सगळी नोकरी इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर गेली. निवृत्तीनंतर आम्ही गोंदियाला लागून मुर्रीला घर बांधलं. घरातला बाळकृष्ण पितळेचा, बोटभर उंचीचा. सासूबाईंनी तो माझ्या हाती दिला तेव्हा सांगितलं होतं, की आपल्या शेतातल्या तांदळाचा भात आपल्या हाताने करून त्याच्यापुढे ठेवायचा आणि मगच आपण जेवायचं. तो नियम मी तापात पाळला, बाळंतपणानंतर उठले तशी पाळला, लग्नाकार्यात तर पाळलाच. सुनेलासुद्धा त्या गंजाला हात लावू दिला नाही. खरं सांगायचं तर भक्ती किती होती आणि माझा हेका किती होता, हे मला स्वतःलाही कळेनासं झालं होतं.

गोंदियाला सकाळी फिरणारी आमची दहाबारा जणांची मंडळी. सगळे साठीच्या आसपासचे, आणि बोलण्यात मात्र विशीचे. मुलं नोकरीला लागली, खिशात मोबाईल आले, तेव्हा यांना हिमालयाचे वेध लागले. तेही साधीसुधी यात्रा नाही; जीपने उंच खिंडी ओलांडायच्या, तंबूत राहायचं, डोंगर चढायचे. यजमानांनी तर नकाशा भिंतीला लावला. मी म्हटलं, गुडघे कुरकुरतात आणि निघाले डोंगर चढायला! पण त्यांचा आनंद पाहून मीही चिन्नोर तांदळाची पिशवी बांधली, छोटा स्टोव्ह घेतला, बाळकृष्णाला लोकरीची कानटोपी विणली आणि डबीत बसवला. ते पाहून यजमान म्हणाले, "अव, देवाले बी सुट्टी दे ना व चार रोज. तो बी फिराले येऊन राहिला." मी डबी पिशवीत ठेवली.

लेहला पोचलो आणि माझी कुरकुर बंद झाली. आमच्याकडे डोंगर म्हणजे झाडं. सागाचं, बांबूचं रान. इथे डोंगरावर गवताची काडी नाही, आणि तरी त्यांच्यावरून नजर हलत नाही. कुठे जांभळे, कुठे गेरूच्या रंगाचे, कुठे राखेसारखे. वर आभाळ इतकं गडद निळं, की हात लावला तर रंग लागेल. वाळवंट म्हणजे ऊन आणि वाळू एवढंच मला ठाऊक होतं. हे वाळवंट गार होतं, त्यात बर्फाचं पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्याच्या कडेला जवाचे हिरवे तुकडे होते. एवढ्याशा मातीवर आणि एवढ्याशा पाण्यावर ही माणसं हसतमुखाने जगतात, हे पाहून यजमान तर जीप थांबवून त्यांचे पाट पाहायला उतरायचे. "पाह्य व, पानी कसं आणलं यायनं," म्हणायचे. त्यांना मी इतकं खूश नोकरीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

लेहच्या घरमालकिणीने मला वापरायला कोरा कुकर दिला होता, त्यामुळे तिथे नैवेद्याची अडचण आली नाही. मग आम्ही त्सो मोरिरी सरोवरावर मुक्कामाला गेलो. नवेगावचा तलाव पाहत मोठी झालेली बाई मी. पाण्याचं मला काय कौतुक? पण ते पाणी पाहून मी चालत्या जीपमध्येच हात जोडले. सकाळी ते चांदीसारखं होतं, ऊन चढलं तसं निळं झालं, आणि ढग आला की हिरवं. काठावर एक झाड नाही, एक नाव नाही. देव इथे एकटाच बसत असेल असं वाटलं.

पहिल्या रात्री यजमान खोकले. सकाळी डोकं धरून बसले होते. टूरच्या लीडरने सगळ्यांना बजावलं होतं, की डोकं दुखलं, धाप लागली तर लपवू नका. पण आमचे हे पडले भिडस्त. लीडर विचारायला आला तर म्हणाले, रात्री झोप झाली नाही, बाकी ठीक. त्या दिवशी मंडळी समोरच्या डोंगरावर चढायला जाणार होती. मी मागे राहणारच होते, कारण नैवेद्य व्हायचा होता. मी म्हटलं, लीडरला खरं सांगा. तर म्हणाले, "मले काई नाई झालं, सर्दी होऊन राहिली. लोक फिराले जाऊन राहिले, मी कायले आडवा येऊ?" आणि रजई ओढून पडले. दोन्ही जीप मंडळींना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेल्या, मदतीची माणसंही त्यांच्यासोबत गेली. तळावर आम्ही दोघंच उरलो.

तळावरचा मोठा कुकर रिकामा होता, पण आदल्या दिवशी त्यात मटण शिजलं होतं. त्याला मी हातही लावला नाही. आपला गंज, आपला स्टोव्ह. आणि मग ते सुरू झालं, जे मी सुरुवातीला सांगितलं. तंबूच्या दाराशी मी यजमानांकडे पाठ करून बसले होते आणि माझं सगळं लक्ष त्या भातात. आतून खोकल्याचा आवाज आला की मी म्हणायची, "पानी प्या. काऊन झोपून राहिले नुसते?" आधी ते हुं म्हणायचे. मग हुं म्हणणंही थांबलं. मला वाटलं, झोप लागली. देह देवळात आणि चित्त खेटरात म्हणतात, तसं माझं चित्त गंजात होतं.

शेवटी मी ठरवलं की दोष रॉकेलचा आहे. ज्योत वर दिसते, पण तिच्यात दम नाही. आपल्याकडे गोवऱ्यांवर कसा भात होतो! पलीकडे थोड्या अंतरावर एक काळा केसाळ तंबू होता आणि त्यातून धूर निघत होता. बकऱ्या पाळणाऱ्या लोकांचा. मी उठले, शाल घेतली आणि गोवऱ्या मागायला निघाले. चार पावलं टाकली की श्वास घ्यायला थांबावं लागे. तंबूत एक बाई बसली होती, माझ्याहून थोडी लहान, गाल उन्हाने तांबडे झालेले. मी माझ्या गोंदियाच्या हिंदीत तिला सगळं गाऱ्हाणं सांगितलं. भात, स्टोव्ह, भगवान उपाशी, सगळं. ती खुदकन हसली. म्हणाली, "आग का कसूर नहीं है आंटी. ऊपर सबका चावल ऐसा ही रहता है. इसके बिना नहीं पकता." आणि चुलीवरून आपला कुकर उतरवून, रिकामा करून, पुसून हातात घेतला. मी घुटमळले. त्यात काय काय शिजलं असेल! पण ती माझ्या तोंडाकडे न पाहता पुढे चालू लागली आणि मी तिच्या मागे. तिचं नाव डोलमा.

ती स्टोव्हपाशी थांबलीच नाही. दारातून आत पाहिलं, कुकर खाली ठेवला आणि सरळ यजमानांपाशी जाऊन बसली. त्यांच्या पाठीला कान लावला. मीही वाकले. त्यांचे ओठ काळेनिळे झाले होते. छातीत हुक्क्यासारखं पाणी वाजत होतं. हाक मारली तर डोळे उघडले, पण मला ओळखल्यासारखे दिसले नाहीत. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर इतका वेळ बसले होते! डोलमा एवढंच म्हणाली, "नीचे. अभी नीचे ले जाना है." मी म्हटलं, गाडी नाही, कोणी नाही. तिने त्यांना उठवून माझ्या छातीशी टेकून बसवलं, आडवं होऊ देऊ नको म्हणून खुणेने सांगितलं, आणि पळत सुटली. जिथे मला चालताना धाप लागत होती, तिथे ती बाई सरोवराच्या टोकाच्या गावापर्यंत पळत गेली. तिला पाठमोरी पाहताना माझ्या तोंडातून देवाचं नाव निघालं नाही. मी नुसती "बाई गं, बाई गं" म्हणत होते. आता वाटतं, तेच माझं खरं नामस्मरण.

ती आली ती लोकरीचे गठ्ठे नेणाऱ्या एका पिकअपमध्ये बसून. ड्रायव्हरने गठ्ठे तिथेच काठावर उतरवले. दोघांनी यजमानांना उचललं, आणि मी हाती लागेल ती शाल घेऊन चढले. डोलमा मागेच राहिली. सिंधू नदीच्या कडेने आम्ही उतरत गेलो. वाटेत सैन्याच्या एका ठाण्यावर जवानांनी ऑक्सिजन लावला, एक जवान नळकांडं धरून लेहपर्यंत आमच्यासोबत आला. सगळ्या वाटेत मी देवाला एकच म्हणाले, की आता माझ्याने काही होत नाही, तू बघ. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. याआधी मी त्याला फक्त सांगत आले होते, की पाहा, मी किती करते.

लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंचावरच्या विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी झालं होतं. संध्याकाळपर्यंत वर राहिले असते तर हातात काही उरलं नसतं. ते ऐकून मी बाकावर बसले. भात शिजला असता तर काय झालं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. मी नैवेद्य दाखवला असता, डोळे मिटून जप केला असता, जेवले असते, आणि यांची झोप मोडायला नको म्हणून तंबूचं दार हळूच लावून घेतलं असतं. मंडळी अंधार पडता पडता परतणार होती. ज्याला मी कोप समजून रडत होते, तो न शिजलेला भातच मला त्या बाईच्या दारात घेऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि चहा मागितला. मग म्हणाले, "तू जेवली का व?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की जवानाने दिलेली बिस्किटं मी कधीच खाल्ली होती. आणि बाळकृष्ण? तो तर तंबूतच राहिला होता, एकटा, कालपासून उपाशी. मला धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. यांच्या हाताची ऊब माझ्या हाताला लागत होती आणि मी मनात म्हटलं, तू आपली काळजी घे बाबा, मी इथे आहे.

लीडर त्याच रात्री आमच्या मागोमाग लेहला आला होता. बाकीची मंडळी तिसऱ्या दिवशी आली. वर्षाताई, आमच्यातली गोंदियाच्या हिंदी शाळेची निवृत्त शिक्षिका, दवाखान्यात आली आणि तिने पदराखालून डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "भाभी, इनकी चिंता मत करो. बराबर जेवण झालं त्यांचं." मग तिने जे सांगितलं ते ऐकताना मी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. आम्ही निघाल्यावर डोलमा पुन्हा आमच्या तंबूत गेली होती. मंडळी परतली तेव्हा ती बाळकृष्णासमोर बसून होती. तिने वर्षाताईला विचारलं, "ये क्या खाते हैं?" वर्षाताई म्हणाली, चावल. तेव्हा तिने माझा तोच अर्धाकच्चा भात तिच्या कुकरमध्ये घालून शिजवून पुरा केला, आणि बाळकृष्णासमोर वाटीत ठेवला. मंडळी तिथे होती तोवर रोज येऊन, माझ्या पिशवीतला चिन्नोर काढून, तिने त्याला जेवू घातलं.

"और भाभी," वर्षाताई म्हणाली, "भातावर रोज इतना बडा मक्खन का गोला. मी तर फक्त चावल म्हटलं होतं. मक्खनचं तिले कोनं सांगितलं?"

तिकडची माणसं सगळ्याच खाण्यात लोणी घालतात, असं मला नंतर बऱ्याच जणांनी समजावलं. तसंच असेल. मी कोणाशी वाद घालत नाही. इतकी वर्षं मी त्याला भात दिला, नियमाने, सोवळ्याने, माझ्याच हाताने. पण घरच्या लेकराला आवडीचा घास द्यावा तसा लोण्याचा गोळा त्याच्या पानात वाढायचं मला कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं त्याचं नावही ठाऊक नसलेल्या एका बाईला, काय काय शिजलं असेल अशा तिच्या कुकरसकट. डबी छातीशी धरून मी त्या दवाखान्यात पोटभर रडले, आणि समोरच्या खाटेवरून यजमान मला हसत होते.

डोलमाचे आभार मानायचे राहूनच गेले. आमच्याकडून पुन्हा तिकडे जाणं होणार नाही, डॉक्टरांनी यजमानांना उंचीची मनाईच केली आहे. रोज हात जोडले की आधी तिचा तांबडा चेहरा समोर येतो, मग देवाचा, आणि हा क्रम बदलायचा प्रयत्न मी करत नाही. घरातला नियम मात्र बदलला. ज्याचे हात मोकळे असतील त्याने नैवेद्य करायचा. बहुधा सूनच करते. कधी तिला उशीर झाला तर यजमान करतात, आणि त्यांचा भात अजूनही खाली लागतो. मी शेजारी बसून असते, गंजात डोकावत नाही.