सेवेतलं नाव

सिल्वासाला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या थोरल्या साडूंनी अखेरपर्यंत मान्य केली नाही. आरमारातून निवृत्त होऊन ते इथल्या बांधकाम खात्याच्या गोदामावर लागले खरे, पण दमणगंगा वाहत होती तोवर त्यांच्या लेखी हे बंदरच होतं. डोक्यावर आरमाराची पांढरी टोपी कायम. आरमार जहाजांना नद्यांची आणि शस्त्रांची नावं देतं, म्हणून यांच्या घरात लोखंडाला शस्त्राचं नाव आणि दुधापाण्याला नदीचं. विळी ‘खुकरी’, सायकल ‘तलवार’ आणि म्हैस ‘गोदावरी’. एकदा ‘गोदावरीला ताप आलाय’ हे ऐकून माझी आई काढा घेऊन धावली होती.

खरी गंमत जुनी वस्तू गेल्यावर. जहाज भंगारात जातं, नाव जात नाही. ते नव्या जहाजाला मिळतं आणि जुन्याने लढाईत कमावलेला मानही नव्याला मिळतो, हे ते छाती फुगवून सांगत. पहिली ‘तलवार’ खडोलीच्या वाटेवर मोडली. दुसरी घेताना ते दुकानातच मला म्हणाले, “या सायकलनं भर पुरात राखोली गाठलीय!” गुजराती दुकानदाराला वाटलं, जुना माल खपवल्याचा आळ येतोय. “अरे साहेब, आ तो काले ज आवी छे!” सायकल कालच आलीय, असं तो शपथेवर सांगू लागला. सुरंगीहून आणलेली दुसरी ‘गोदावरी’ दूध कमी देते, असं ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाल्या, तेव्हा हे कडाडले, “चिनी लढाईच्या वेळी हिनं अख्ख्या आळीला दूध पुरवलंय!” तेव्हा ती बिचारी रेडकू असेल.

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. एकदाच नदीकाठी म्हणाले, “जहाजांचं बरं असतं हो. कुणी ना कुणी नाव चालवतं.”

म्हणून मला मुलगा झाला तेव्हा आम्ही नवराबायकोनं त्यांचंच नाव ठेवायचं ठरवलं. बारशाला हे कळताच ते ताडकन उठले. “मुळीच नाही! जहाज सेवेत असताना त्याचं नाव दुसऱ्याला देत नाहीत.” नियम सांगताना डोळे मात्र भरून आले होते. ते पाळण्याकडे वळले. मग त्यांनी टोपी काढली, बाळाच्या पायाशी ठेवली आणि खाडकन सलाम ठोकला. “आजपासून मी सेवेतून मुक्त. आता द्या.” माझ्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून हे महाशय दुपट्यातलं बाळ दाखवून शेजाऱ्यांना सांगू लागले, “यानं दर्यावरची लढाई पाहिलीय.” टोपी पुन्हा कधी घातली नाही.

पंचाईत झाली ती ताईंची. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्या माझ्या मुलाला ‘अहो बाळ’ म्हणत. “अहो बाळ, दूध प्या!” हे ऐकून साडू हसून लोळत.

मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी ते गेले. पुढे एका संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो होतो. मुलगा कागदी होडीमागे पाण्यात आत आत जाऊ लागला, तशा ताई उठल्या आणि त्यांनी हाक मारली. ‘अहो’ नाही, ‘बाळ’ नाही. नाव घेऊन, खणखणीत.

मुलगा मुकाट्यानं काठावर आला आणि आमच्यासमोर ओल्या चड्डीत उभा राहिला.

ताईंनी नदीकडे बघत आणखी एकदा हाक मारली.