माणसं चिकटवायची नाहीत, टेकवायची

तुमच्या गावाजवळ रेल्वेचं फाटक असेल, तर सकाळी साडेसातला ते कोण कोण ओलांडतं, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. रागावू नका, मलाही येत नव्हतं. आणि मी तर वीस वर्षं याच राहाता तालुक्यात मोर्चे काढतेय. ती सगळी यादी तोंडपाठ असलेला एकच माणूस मला भेटला. वाघेवस्तीचे गोरक्षनाथ आप्पा.

आप्पा अठ्ठावीस वर्षं वस्तीच्या फाटकावर गेटमन होते. रिटायर झाल्यावर त्यांनी मोडक्या दाराची फळी घरच्या ओट्यावर आडवी टाकली आणि तिच्यावर आपलं फाटक उभं केलं. रूळ सायकलच्या तारांचे, स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे, शेतं हिरव्या रंगवलेल्या भुशाची. त्यावर सेलचं इंजिन पळतं. माणसं शाडूची, अंगठ्याच्या पेराएवढी, पण कुणीही ओळखावीत. सायकलला दुधाच्या किटल्या लावलेला परवेझ, स्कूटीवरच्या निकिता मॅडम, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली शरिफाभाभी.

ही माणसं आप्पा रोज हलवतात. सकाळी एकीकडे, बाजाराच्या दिवशी दुसरीकडे. पण इंजिन पळालं की फळी थरथरते आणि नुसती ठेवलेली माणसं पटापट पडतात. डिंक लावला तर हलत नाहीत. यावर उपाय सापडला तो घरातच. आप्पांच्या मंडळी, मनकर्णामावशी, अजून जुन्या पद्धतीनं कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू टेकवतात. त्या डबीतलं ज्वारीच्या दाण्याएवढं मेण घ्यायचं, बोटात मळून मऊ करायचं, माणसाच्या पायाखाली लावून दाबायचं. काढताना ओढायचं नाही, हलकेच पिळायचं. झाडांना मेण नको. त्यांच्या बुडाला टाचणी, ती फळीच्या भोकात. बाभूळ हवी तिथून उपटा, हवी तिथे लावा.

पहिल्या एप्रिलात उन्हानं मेण पातळ झालं आणि अख्खं गाव आडवं झालं. मावशी म्हणाल्या, "दुपारचं झोपल्यात, उठवू नगा." तेव्हापासून उन्हाळ्याच्या मेणात आप्पा थोडी राळ वितळवून घालतात. मावशींची तक्रार मात्र कायम. माझ्या कपाळाचं मेण ह्यांच्या फळीवरच्या शेळ्यांच्या पायाला जातं, असं त्या येईल त्याला ऐकवतात आणि नवी डबी स्वतःच आणून ठेवतात.

गेल्या वर्षी कळलं, फाटक कायमचं बंद होणार आणि रुळाखालून रस्ता निघणार. चांगलंच होतं. पण नकाशात तो रस्ता अर्धा किलोमीटर लांब, ओढ्याच्या खोलगट जागी दाखवला होता. तिकडून आमच्यातलं कुणी जात नाही. मी अर्ज दिले, सह्या दिल्या, एका साहेबाशी आवाज चढवून बोलले. हाती काही आलं नाही. शेवटी रेल्वेच्या नगरच्या कचेरीतून बोलावणं आलं, एका बुधवारी येऊन म्हणणं मांडा. मी आप्पांना म्हटलं, ही फळीच घेऊन जाऊ.

टेम्पो सकाळी दारात उभा राहिला. नगरपर्यंतचा रस्ता आणि त्यातले खड्डे माझ्या डोळ्यांसमोर. आप्पा आत टोपी शोधत होते, तेवढ्यात मी शहाणीनं फेविक्विकची नळी फोडली आणि फाटकाजवळची अकरा माणसं पक्की करून टाकली. आप्पा बाहेर आले, एकाला पिळून पाहिलं, दुसऱ्याला पाहिलं. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

"ताई, चिकटिवलं का मानूस फोटूतलं हुतं," ते म्हणाले. "आपुन टेकवतो. जाऊ द्या, चला."

कचेरीतले साहेब आधी घड्याळ बघत होते. इंजिन पळालं तसे खुर्ची सोडून जवळ आले. आप्पांनी सकाळ मांडली, मग बाजाराचा दिवस. ओढ्याकडे एकही माणूस गेलं नाही. साहेबांनी विचारलं, आणि ऊस तुटायला लागला की? हा प्रश्न बरोबर होता, कारण गाळपात फाटकाच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते आणि माणसं खरंच दुसरीकडून जातात. दाखवायला साहेबांनी स्वतःच शरिफाभाभीला उचललं. भाभी आल्या, पाय फळीवरच राहिले.

सगळी कचेरी हसली. मी लाल. सोबत आलेल्या मावशींनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली, मेणाचा गोळा केला आणि गुडघ्यापासून वरच्या भाभी साहेबांच्या हातात परत दिल्या. म्हणाल्या, "आता न्या कुठंबी. तिला ताईंनी धरून ठेवलं हुतं."

मग आप्पा आणि साहेब दोघं मिळून माणसं हलवायला लागले. उरलेल्या दहांना हात लावता येईना, म्हणून त्यांच्या जागी आप्पांनी खडूचे तुकडे टेकवले. गाळपातली माणसं फाटकाच्या पूर्वेला, पन्नास पावलांवरच्या बांधावरून गेली. ओढ्याला तेव्हाही कुणी गेलं नाही, कारण तिथं पाटाचं पाणी साचतं. साहेबांनी नकाशा पुढे ओढला. मग त्या बांधापाशी पेन्सिलीनं एक फुली मारली.

"फळीवर मला पटलं," साहेब म्हणाले. "पण जमिनीवर बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. येत्या मंगळवारी सकाळी साडेसहाला येतो, माणसं मोजतो."

परत येताना मी बडबड करत होते, जिंकलोच म्हणून. आप्पांचं लक्ष नव्हतं. ते बोटांवर मोजत होते. फळीवर चाळीस माणसं आहेत, मंगळवारी रुळावर किती येतील? मुलांच्या परीक्षा आहेत, निकिता मॅडम रजेवर, परवेझची म्हैस आटलेली. त्या दिवशी फाटक आणि बांध मोकळे दिसले तर फुली पुसली जाईल. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्यासाठी फाटक उघडलं, ती माणसं खोटी ठरतील. आप्पांच्या जिवाला घोर आहे तो एवढाच.

म्हणून तुम्हाला सांगते. वाघेवस्तीवरून तुमची वाट जात असेल, तर मंगळवारी साडेसहा ते नऊ नेहमीच्या कामाला, नेहमीच्याच वाटेनं निघा. घोषणा नकोत, झेंडे नकोत. फाटकाशेजारच्या बांधावर आप्पा आणि साहेब वही घेऊन उभे असतील. घटकाभर थांबा आणि आपलं नाव सांगून पुढे जा.