शाई आणलीस?

दार उघडलं की काका आधी डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे करायचे. "शाई आणलीस?" आम्ही अमेरिकेतल्या बॉथेल गावात दारोदार प्रचाराची पत्रकं वाटणारे. आमच्याकडे शाई कुठली? इथे मत पोस्टाने जातं.

असा काका तुमच्याही ओळखीत असेल. नागपूरकडचे मास्तर, दर निवडणुकीला बूथवर ड्युटी. एकदा नऊ मतदारांसाठी मतपेटी घेऊन जंगलातून दिवसभर चालले होते. म्हातारपणी मुलाकडे येऊन इथले नागरिक झाले, आणि हे त्यांचं इथलं पहिलं मत.

माझी पत्रकं ते तांबड्या पेनाने तपासायचे. 'अमेरिकेने जगाला लोकशाही दिली' हे वाक्य आडवं खोडलं. म्हणाले, ग्रीकांच्या सभेत बायका नाहीत, गुलाम नाहीत. तुमच्या इथे काळ्या माणसाने मतासाठी मार खाल्ला. "माझ्या आईला सही येत नव्हती. पण भारताच्या पहिल्याच निवडणुकीत तिला मत होतं. लिही ते." मी लिहिलं नाही. जागा नव्हती.

मताच्या लिफाफ्यावर सही लागते. मीच म्हटलं, काका, तुमची खरी सही करा. त्यांनी केली. मराठीत, शाळेच्या दाखल्यांवर करायचे तशी झोकदार. मतदारयादीत नाव घालताना मात्र मुलाने शिकवलेली इंग्रजी सही केली होती. निवडणूक ऑफिसचं पत्र आलं: सही जुळत नाही, सोबतचा फॉर्म मुदतीत द्या, नाहीतर मत मोजणार नाही.

फॉर्म भरून त्यांनी माझ्या हातात दिला. "तू स्वतः नेऊन दे."

तो आठवडा मी चौकात फलक घेऊन ओरडत होते, प्रत्येक मत मोजा म्हणून. फॉर्म माझ्या बॅगेत सापडला तो मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्याच पत्रकांखाली.

तोवर काका हॉस्पिटलमध्ये होते. हार्ट.

"पोचलं?"

"पोचलं, काका."

बोट पुढे आलं. "मग लाव."

फलक रंगवायचा मार्कर खिशात होता. नखावरून खाली रेघ ओढली. त्यांनी ती मास्तरी नजरेने तपासली. वाळू दे म्हणाले, आणि बोट तसंच हवेत धरून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी गेले. नर्सला ते बोट पुसू दिलं नाही म्हणे. सून कौतुकाने सांगत होती. फ्युनरल होममध्ये त्यांचे हात पोटावर ठेवले होते. डावा वर. रेघ अजून काळी होती.